शिंपल्यात दडलेले बियाणे

शेतीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जमीन येते. नांगर, बैल, विहीर, पाऊस. आज आपण जी शेती बघणार आहोत ती समुद्रात होते. तिचे बियाणे कुठून येते, हे ती करणाऱ्यांनाच शेकडो वर्षे ठाऊक नव्हते. ते कोडे सुटले इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत, आणि ते सोडवणाऱ्या बाई जपानला कधी गेल्याही नाहीत.

पीक आहे नोरी. सुशी आता मुंबई-पुण्यातही मिळते. त्यातल्या भाताभोवती जो काळपट, कागदासारखा पापुद्रा असतो, तो पोरफायरा या लाल समुद्रशैवालापासून करतात. (पुढे वर्गीकरण बदलले, नावेही बदलली, आपण आज जुनेच नाव वापरू.) तोक्यो, म्हणजे तेव्हाचे एदो, तिथल्या खाडीत सुमारे ३०० वर्षांपूर्वीपासून ही शेती चालत आली. पद्धत अशी: शरद ऋतूत उथळ पाण्यातल्या चिखलात बांबू आणि झाडांच्या फांद्या रोवायच्या. काही दिवसांनी त्यांच्यावर शैवाल उगवायचे, हिवाळ्यात वाढायचे, मग ते कापायचे, धुवायचे, चौकोनी पातळ थर करून वाळवायचे. पुढे बांबूच्या जोडीला जाळी आली.

आता बघा, या सगळ्यात पेरणी कुठे आहे? नाहीच. फांद्या कुठे रोवाव्यात, कधी रोवाव्यात, कापणी कधी करावी, हे शेतकऱ्याला अचूक माहीत होते. पण वसंत संपला, पाणी तापले, की शैवाल नाहीसे व्हायचे. शरदात पुन्हा हजर. मधले महिने ते कुठे असते? कुणाला पत्ता नाही. म्हणून एखाद्या वर्षी भरघोस, तर एखाद्या वर्षी काहीच नाही. या पिकाला नशिबाचे गवत म्हणत, ते उगाच नव्हे. बियाणे आपल्या हातात नसेल, तर शेतकरी कितीही कष्टाळू असो, दरवर्षी जुगारच खेळतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पीक कोसळले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कुटुंबांना ते फार जाणवले.

इथून आपल्याला मँचेस्टरला जायचे आहे. कॅथलीन ड्रू यांचा जन्म १९०१ सालचा, लँकेशरमधल्या ली या गावचा. मँचेस्टर विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत आणि लाल शैवालांवर संशोधन करत. १९२८ साली त्यांनी हेन्री राइट-बेकर यांच्याशी लग्न केले, आणि अध्यापनाची नोकरी गेली. कारण काय, तर विवाहित स्त्रियांना नोकरीत ठेवायचे नाही असा विद्यापीठाचा नियम! लग्न केलेल्या पुरुषाला असा नियम नव्हता, हे वेगळे सांगायला नको. पण प्रयोगशाळेशी त्यांचे नाते तुटले नाही. दोन मुले वाढवत संशोधन चालू राहिले.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरही पोरफायरा उगवतो. वेल्समध्ये तो शिजवून खातात. पण ड्रू-बेकर यांच्यापुढचा प्रश्न खाण्याचा किंवा उत्पन्नाचा नव्हता. प्रश्न साधा होता: या शैवालाने सोडलेल्या बीजाणूंचे पुढे काय होते? त्यांनी बीजाणू प्रयोगशाळेत वाढवले, आणि त्यांना शिंपले दिले. बीजाणू शिंपल्याच्या कवचात शिरले आणि आतल्या आत बारीक, गुलाबी तंतूंचे जाळे पसरले.

गंमत अशी की हे गुलाबी तंतू विज्ञानाला नवे नव्हतेच. १८९२ साली त्यांना कॉन्कोसेलिस असे नाव मिळाले होते. पण तेव्हा ती स्वतंत्र वनस्पती मानली गेली. रुंद पातीचा पोरफायरा आणि शिंपल्यातला हा केसासारखा धागा, दोघांचे काही नाते असेल असे बघून कुणालाच वाटले नसते. ड्रू-बेकर यांनी दाखवले की ही दोन नावे एकाच जीवाची आहेत. १९४९ साली ‘नेचर’मध्ये त्यांचे छोटेसे टिपण छापून आले. ज्याला सगळे हरवलेले समजत होते, ते उन्हाळाभर शिंपल्यात मुक्कामाला होते.

जपानमध्ये क्यूशू विद्यापीठाचे सोकिची सेगावा यांनी या शोधाचे महत्त्व ओळखले आणि जपानी जातींवर काम सुरू केले. कुमामोतो प्रांतात फुसाओ ओता यांनी त्यातून कृत्रिम बीजारोपणाची पद्धत बसवली. १९५३ पर्यंत ती हाती आली, म्हणजे टिपणापासून अवघ्या चार वर्षांत. काम असे चालते: हौदांत कालवांचे शिंपले ठेवायचे, त्यांत कॉन्कोसेलिस वाढू द्यायचे, ही झाली रोपवाटिका. शरदात पाणी गार झाले की शिंपल्यांतून बीजाणू बाहेर पडतात. ते जाळ्यांवर बसू द्यायचे आणि जाळी समुद्रात नेऊन बांधायची. पेरणी शेतकऱ्याच्या हातात आली. पुढे बीजाणू बसलेली जाळी गोठवून ठेवायचीही सोय झाली. एक खेप वाया गेली, तर दुसरी तयार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. ‘एका बाईने जपानची शेती वाचवली’ असे म्हणणे सोपे आहे, ते ऐकायलाही छान वाटते. पण ड्रू-बेकर यांच्याकडे शेत नव्हते आणि शेतकऱ्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचे हातातले ज्ञान तयार होते, म्हणूनच एका टिपणाचे चार वर्षांत पीक झाले.

ड्रू-बेकर १९५७ साली गेल्या, वयाच्या ५५व्या वर्षी. १९६३ साली कुमामोतोमधल्या उतो इथे, आरिआके समुद्राकाठच्या सुमियोशी देवस्थानात, त्यांचे स्मारक उभे राहिले. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांचे स्मरण करतात, ‘समुद्राची माता’ म्हणून. ज्या विद्यापीठात लग्नामुळे नोकरी गेली तिथून हजारो मैलांवर, त्यांना कधी न भेटलेली माणसे त्यांना आई म्हणतात.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामनाथपुरमच्या बाजूला, कप्पाफायकस या शैवालाची शेती होते आणि तीत पुष्कळ स्त्रिया आहेत. तिथे लावणीसाठी आधीच्या पिकाचेच तुकडे वापरतात. त्यामुळे पीक एकदम मेले, की पुढच्या लावणीचे बियाणेही त्याच्याबरोबर जाते. २०१३-१४च्या सुमाराला तिथे तसे मोठे नुकसान झाले होते. आणि गोवा-सिंधुदुर्गातल्या खडकांवर पोरफायराचीच एक जात पावसाळ्यात उगवते आणि पाऊस सरला की दिसेनाशी होते. मग ती कुठे जाते, असे कुणी विद्यार्थी विचारायला लागला, तर त्याचा उपयोग काय, असे त्याला पहिल्याच दिवशी विचारू नका. मँचेस्टरमध्येही तेव्हा उत्तर देता आले नसते.