पहार गोठ्यात असावी

आमचं जुनं घर उमरगा तालुक्यातल्या एका गावात होतं. होतं म्हणतो, कारण आता ते गावच त्या जागी नाही. दगडमातीचं, माळवदाचं, पाच खणांचं घर. भिंती एवढ्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात आम्ही पोरं मांडी घालून बसायचो. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. "तोफ लागली तरी हलायचं न्हाई," असं बापू आल्यागेल्याला सांगायचे.

त्या घरात अडीअडचणीची तयारी भरपूर होती. ती कुणी एका दिवसात केलेली नव्हती. गावावर जी जी संकटं येऊन गेली, त्या प्रत्येकानं घरात काहीतरी ठेवलं होतं.

सगळ्यांत जुनी आठवण प्लेगाची. १८९६ साली मुंबईत प्लेग दिसला आणि पुढं निजामाच्या मुलखातही पसरला. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि रानात खोपटी घालून राहायचं, असं आजीला तिच्या सासूनं सांगितलेलं. आमच्या शेतात एक खोपटं कायम उभं असायचं. दर वर्षी दिवाळीनंतर त्याच्या तुराट्या बदलायच्या. आम्हांला वाटायचं ते राखणीचं. आजी म्हणायची, "राखणीचं नव्हं रं, ते पळायचं घर हाय."

दुसरी आठवण रझाकारांची. १९४७-४८ च्या त्या वर्षात हैदराबाद संस्थानातल्या सरहद्दीच्या गावांतली माणसं रातोरात उठून सोलापूर जिल्ह्यात, बार्शीकडं गेली. आजी तेव्हा अठ्ठावीसेक वर्षांची. दहा वर्षांच्या बापूंना हाताला धरून आणि धाकटीला पाठीला बांधून ती रात्रभर चालली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. त्यानंतर मुसलमान घरांवर पळायची पाळी आली, तेही तिनं पाहिलं. शेजारची तिची मैत्रीण गेली ती परत आली नाही. "त्या टायमाला कोन कुनाच्या भ्यानं पळायलंय, काय कळंना," एवढंच ती बोलायची. तेव्हापासून तिच्याजवळ एक गाठोडं कायम बांधलेलं असायचं. मेणकापडात गुंडाळलेली काडीपेटी, मीठमिरची, गूळ-शेंगदाणे, एक लुगडं, सुईदोरा. पुढं त्यात सातबारा आणि रेशनकार्डही आलं. दर अमावास्येला ती गाठोडं सोडायची, शेंगदाणे खवट झालेत का बघायची, बदलायची आणि पुन्हा बांधायची.

तिसरी आठवण माझी स्वतःची. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. माय आणि बापू खडी फोडायला जायचे. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. शाळेत सुकडी मिळायची, तिच्यासाठी आम्ही ताटली घेऊन रांगेत उभे राहायचो. गावाच्या पांढरीत आमचं पेव होतं. जमिनीत माणूस मावेल एवढा खोल खड्डा, आतून कडबा आणि भुसा लावलेला, वर मातीनं लिंपलेलं तोंड. त्या वर्षी ते उघडायची वेळ आली. बापूंनी तोंड उघडून ठेवलं आणि कुणालाच आत उतरू दिलं नाही. कोंडलेल्या हवेनं माणूस आतल्या आत मरतो. दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हा बापू उतरले. पण तळाची ज्वारी ओल लागून काळी पडली होती. त्या दिवशी बापू पेवाच्या काठावर डोकं धरून बसले होते, ते मी विसरलो नाही.

दुष्काळ सरला, पण बापूंच्या मनातून गेला नाही. त्यांनी घराच्या आतल्या खोलीतलं बळद वाढवलं. दोन सालांची ज्वारी घरात असल्याशिवाय विकायची नाही असा नेम केला. धान्य भिजू नये म्हणून माळवद गळता कामा नये, आणि माळवद गळू नये म्हणून दर वर्षी रोहिण्या लागल्या की वर पांढऱ्या मातीचा नवा थर. जुनी माती काढत कुणीच नसे. आजोबांची माती, तिच्यावर बापूंची, तिच्यावर माझी. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हात-दीड हात माती. आम्ही याला घराची निगा म्हणायचो.

१९९२ च्या पावसाळ्यात किल्लारी भागात जमिनीतून आवाज येऊ लागले. ऑक्टोबरात धक्के वाढले. भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या. आमच्या गावातही माणसं अंगणात, रानात निजू लागली. आम्हीही अंगणात बाजा टाकल्या. पण महिना गेला, दीड महिना गेला, थंडी पडली. ज्वारीची राखण, लेकराबाळांचा खोकला. एकेक घर आत गेलं. दख्खनचं पठार म्हणजे घट्ट काळा खडक, इथं भूकंप होत नाही, असं शिकलेली माणसंही सांगत होती. ते खोटं सांगत नव्हते. तेव्हाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

आत गेली नाही ती फक्त आजी. तिनं आपली बाज गोठ्यात टाकली. गोठ्यावर पाचटाचं छप्पर. "ढोरं दावं तोडायलेत रातच्याला," ती म्हणाली. "त्यांला कळतंय, तुमाला कळंना का?" आम्ही हसलो. पाहुण्यारावळ्यांत बापूंना लाज वाटायची, की एवढं घर असताना म्हातारी गुरांत निजते. ते एकदा चिडून म्हणाले, "दीडशे वर्सांचं घर हाय हे." आजी म्हणाली, "तुज्यापेक्षा ज्यादा घर बगितलेत म्या. घर बांदता येतंय समद्यांना. सोडता आलं पायजे."

१९९३ च्या रोहिण्यांत मी आणि बापूंनी माळवदावर माती टाकली. किती टोपल्या, मोजल्या नाहीत. मी खालून द्यायचो, ते वर पसरायचे.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. गणपती विसर्जन करून आम्ही दहा-बारा जण दमून पारावरच आडवे झालो होतो. बायको बाळंतपणाला माहेरी होती. पाच वर्षांची लेक पणजीपाशी गोठ्यात. माय आणि बापू घरात. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आवाज असा की जणू पोटाखालून आगगाडी गेली. मग धुळीचा लोट. पुढचं दिसेना, श्वास घेता येईना. पळत घराकडं गेलो, तर गल्ली कुठली ते ओळखू येईना.

आजी गोठ्यासमोर कंदील घेऊन उभी होती. लेक तिच्या लुगड्याला धरून. गोठ्याचं छप्पर एका अंगानं कलंडलं होतं, त्याखाली कुणी मेलं नाही. पहिली गोष्ट आजीनं केली ती म्हणजे ओरडणाऱ्यांना गप्प केलं. "गप ऱ्हावा. आतला आवाज ऐकू द्या." मग तिनं सांगितलं, "तुजी माय दाराशी निजती, गुडगे दुकतेत म्हनून. आदी तितं खांदा."

खणायला टिकाव, पहार, खोरं घराघरांत होतं. म्हणजे सगळं ढिगाऱ्याखाली होतं. माणसं हातांनी दगड उपसत होती. आमच्या गल्लीत त्या पहाटे एकच पहार आणि एकच खोरं हाताशी होतं, ते आजीच्या गोठ्यात, मेखा ठोकायला ठेवलेलं. माय दाराच्या चौकटीखाली होती. लाकडानं भार धरला होता. तासाभरात काढली, पाय मोडला होता, पण जिवंत होती. मग ती पहार शेजारी गेली, तिथून पलीकडं. शेजारच्या घरात गणपतीला पाहुणे आले होते. ते कुठल्या खोलीत निजलेत हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सापडले.

बापू बळदाच्या खोलीत होते. दुपारी हाताला लागले. त्यांच्या अंगावर दगड फारसे नव्हतेच. मातीच होती. पांढरी, मऊ, चाळल्यासारखी. ती मी ओळखली.

या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. शास्त्रज्ञ म्हणतात, सहाच्या थोड्या वरचा हा भूकंप एवढी माणसं मारण्याइतका मोठा नव्हता. मारलं ते घरांनी. गोल दगड मातीत रचलेले, रुंद भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांत बांधणारा लांब दगड नाही, आणि डोक्यावर वर्षानुवर्षांची माती. चोर येऊ नये, ऊन लागू नये, धान्य भिजू नये म्हणून जे जे केलं, तेच अंगावर आलं. बापूंनी तयारी केली नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्याइतकी तयारी गावात कुणाची नव्हती. पण ती १९७२ सालची तयारी होती. माणूस जे संकट भोगून बसलाय त्याचीच वाट बघत राहतो, आणि येणारं दुसऱ्याच दारानं येतं. आजीनं तीन संकटं पाहिली होती, म्हणून ती कुठल्याच एकासाठी थांबून राहिली नव्हती.

पुढं लष्कराचे जवान आले, पाऊस आला, पत्र्याची शेडं आली. ५२ गावं नव्या जागी वसली, त्यांत आमचंही. नवी घरं ओळीत, कवायतीला उभी केल्यासारखी. आजी त्या घरात सहा वर्षं राहिली, बाज मात्र अखेरपर्यंत दाराबाहेर. गाठोडं खुंटीला नाही, तर बाजेच्या पायाला.

आता माझा नातू पुण्यात शिकतो. मागच्या दिवाळीत तो एक लाल पिशवी घेऊन आला. बॅटरी, शिटी, प्रथमोपचाराचं सामान, मोबाइलला वीज देणारी पॉवर बँक, पाण्यात न भिजणाऱ्या पाकिटात आधारकार्डाच्या प्रती. मला बरं वाटलं. शेंगदाणे तेवढे नव्हते, ते मी घातले. त्यानं ती पिशवी हौसेनं आतल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. मी काही बोललो नाही. त्याला हाताला धरून पत्र्याच्या गोठ्यात नेलं आणि आजीची पहार दाखवली. टोक झिजलंय, पण वजन तेवढंच आहे. मग बापूंचं सगळं सांगितलं, मातीच्या टोपल्यांसकट. एवढं मी त्याच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतं.

पिशवी आता गोठ्यात, पहारीशेजारी टांगलेली असते. दर अमावास्येला सूनबाई ती उघडून बघते. रात्री कोण कुठं निजलंय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पाहुणा आला तर त्याचीही जागा मोठ्यानं सांगायची. कपाट भिंतीला पट्टीनं ठोकलंय. दाराच्या वाटेत काही ठेवायचं नाही. जमीन हलली तर आत असलेल्यानं डोकं झाकून भक्कम पलंगाच्या आडोशाला बसायचं, थांबली की बाहेर निघायचं आणि लिंबाखाली जमायचं. लिंबाखाली पहिल्यांदा डोकी मोजायची, रडायचं ते नंतर.

पोरगा वर आणखी एक मजला चढवू म्हणतो. चढव म्हटलं. पण आधी इंजिनिअरला विचार, खालच्या भिंतींना तो भार पेलणार आहे का. माझ्या हातानं मी एकदा वर माती चढवलेली आहे.

वाचणाऱ्यांनी एवढंच करावं. आज निजण्याआधी बघावं, आपल्या घरची पहार कुठं आहे. आत असली तर बाहेर काढून ठेवावी.