सत्तावीस रिळांची वाटचाल

तंबोरा जुळवताना जवारीवरचा दोरा केसभर सरकवला की एका क्षणी तार उघडते. सूर तोच असतो, पण त्याच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून ऐकू येऊ लागतात. मोग सिंथेसायझरचं फिल्टरचं बटण हळूहळू फिरवलं तरी कान तसाच अनुभव घेतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या, म्हणजेच एनआयडीतल्या, एका छोट्या स्टुडिओत पन्नासेक वर्षांपूर्वी हे दोन नाद एकमेकांना भेटले. त्या भेटीच्या ध्वनिमुद्रणांचा 'द एनआयडी टेप्स' हा संग्रह २०२३ साली लंडनच्या 'द स्टेट५१ कॉन्स्पिरसी' या स्वतंत्र लेबलने काढला. त्यामागची वाटचाल आपल्या प्रत्येक संगीतप्रेमी संस्थेने समजून घ्यावी अशी आहे.

तिची सुरुवात १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई तिथे गेल्या होत्या आणि जॉन केज या संगीतकाराशी त्यांची ओळख झाली. दोघांत पैशांचा व्यवहार नव्हता. गीताबेननी हिंदुस्थानी संगीत समजावून सांगायचं आणि केजनी पाश्चात्त्य, असं ठरलं. केजच्या पुढच्या विचारावर या शिकवणीचा खोल ठसा उमटला. १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यमंडळीबरोबर केज आणि पियानोवादक डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला येऊन गेले.

मधल्या काळात, १९६१ मध्ये, एनआयडी उभी राहिली होती. चार्ल्स आणि रे इम्स यांचा १९५८चा 'इंडिया रिपोर्ट' हा तिचा वैचारिक पाया, तर गीताबेनची भावंडं गौतम आणि गिरा साराभाई तिचे शिल्पकार. खुर्ची, अक्षर, कापड यांच्याइतक्याच गांभीर्याने ध्वनीकडेही पाहावं, ही दृष्टी तिथे होती. १९६९ मध्ये ट्यूडर पुन्हा आले आणि त्यांनी अमेरिकेहून आणलेला मोग तिथे जुळवून दिला.

हे यंत्र आजच्या कीबोर्डसारखं नव्हतं. लाकडी चौकटीत बसवलेली बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात जाणाऱ्या वायरींचं जाळं. कोणती वायर कुठे खोचली, कोणतं बटण किती फिरवलं, यातून नाद घडायचा. यंत्राला स्वतःची आठवण मात्र नव्हती. वायरी उपसल्या की तो नाद गेला. मैफलीतली जागा जशी घेतली त्या क्षणापुरतीच असते, तसंच हे. म्हणून शेजारी फिरणारं टेपचं रीळ हीच त्या स्टुडिओची स्मरणशक्ती होती.

पुढची तीनेक वर्षं तिथे मोजकीच माणसं काम करत होती. आय. एस. माथूर यांच्या एका रचनेच्या शीर्षकातच तानपुरा आहे. एस. सी. शर्मा यांनी नृत्यासाठी ठेके रचले. तरुण जिनराज जोशीपुरा यांच्या कल्पनेने तर २००१ सालच्या अंतराळयानापर्यंत झेप घेतली. गीताबेननी स्वतः रचना केली. अतुल देसाई यांनी १९७०च्या ओसाका प्रदर्शनासाठी मुद्रणं केली. देसाई हे पं. ओंकारनाथ ठाकूर यांचे शिष्य, आणि ओंकारनाथ विष्णू दिगंबर पलुस्करांचे. कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुस्करांनी पेटवलेली ज्योत अशी वायरींच्या जाळ्यापर्यंत पोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. या मुद्रणांना परदेशी प्रयोगांची नक्कल म्हणणं म्हणूनच अन्यायाचं होईल. यंत्र बाहेरून आलं होतं, पण षड्जावर स्थिर राहण्याचा, एकाच सुरात खोल उतरण्याचा संस्कार इथला होता.

मग स्टुडिओ थंडावला. रिळं कपाटात गेली आणि दशकं उलटली. टेपच्या प्लॅस्टिकवर चुंबकीय भुकटीचा पातळ लेप असतो. दमट हवेने तो सुटू लागतो, आणि गुंडाळलेल्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो. बंद कपाटातही रीळ म्हातारं होतच असतं. लंडनचे कलाकार-संगीतकार पॉल पुरगस एनआयडीच्या संग्रहापर्यंत पोचले तेव्हा त्यांना २७ रिळं सापडली. त्यांनी ती ऐकली, डिजिटल करून घेतली, रचनाकारांची नावं पुन्हा जगासमोर आणली. २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांचा माहितीपट झाला आणि तीन वर्षांनी हा संग्रह आला. भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची गोष्ट कितीतरी मागे सुरू होते, हे आता कुणालाही कानांनी पडताळता येतं.

संस्थेची वाटचाल लिहिताना आपण इमारती, अध्यक्ष, रौप्यमहोत्सव मोजतो. या स्टुडिओच्या पदरी त्यातलं काहीच नाही. त्याचं आयुष्य जेमतेम तीन-चार वर्षांचं. तरी तो आज ऐकू येतो, कारण कुणीतरी रिळं फेकली नाहीत आणि कुणीतरी ती पुन्हा यंत्रावर चढवली. पहिलं काम आपल्याकडेही झालं आहे. गावोगावच्या संगीत मंडळांत, रसिकांच्या घरांत जुन्या मैफलींची स्पूलं माळ्यावर जपून ठेवलेली आहेत. दुसरं काम राहिलं आहे. आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. माळ्यावरचा खोका खाली घ्या, स्पूलवर कुणाचा आवाज आहे, साल कोणतं, हे सांगू शकणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या, आणि जाणकाराकडून ती वाजवून घ्या. तंबोराही नुसता गवसणीत ठेवून जपला जात नाही. तो जुळवावा लागतो.