प्रलयाचे चित्रपट

पृथ्वीच्या अंताची कथा मनुष्यजातीला नवी नाहीं. आपल्या पुराणांतला मनु मत्स्याच्या आधारानें जलप्रलयांतून तरला. मार्कंडेयानें सर्वत्र पाणीच पाणी झालें असतां वटपत्रावरील बालक पाहिलें. परंतु त्या प्रलयाचा कर्ता काल होता. चित्रपटानें मात्र सत्तर वर्षांच्या आंत हें कर्तेपण आकाशांतून उतरवून मनुष्याच्या पदरीं घातलें. या जातीच्या चित्रपटांचा खरा इतिहास आमच्या मतें तोच होय.

१९१० सालीं हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटींतून पृथ्वी जाणार म्हणून युरोपांत मोठी घबराट उडाली होती. तिची आठवण ताजी असतां, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९१६ सालीं डेन्मार्कमध्यें ऑगस्ट ब्लोम यांनीं ‘वेर्डेन्स उंडरगांग’ म्हणजे ‘जगाचा अंत’ हा मूकपट काढला. त्यांतील संकट आकाशांतून येतें खरें. पण तें येत असतां एक धनाढ्य खाणमालक वर्तमानपत्राला हाताशीं धरून शेअरबाजारांत पैसा करतो. मनुष्याच्या अपराधाचें बीज येथेंच पडलेलें दिसतें.

हिरोशिमानंतर तें बीज फोफावलें. १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी बेटावरील हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली व तिच्यावरील २३ खलाशी बाधित झाले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इशिरो होंडा यांचा ‘गोझिला’ आला. रबरी पोशाखांतला तो राक्षस आज कोणास हास्यास्पद वाटेल; पण आपण शोधिलेलें भयंकर अस्त्र पुन्हां कोणाच्या हातीं पडूं नये म्हणून स्वतःचे कागद जाळून प्राणही देणारा त्यांतील शास्त्रज्ञ हास्यास्पद नाहीं.

१९५९ सालच्या स्टॅन्ले क्रेमर यांच्या ‘ऑन द बीच’मध्यें एकही इमारत कोसळत नाहीं. उत्तर गोलार्ध निर्जीव झाला आहे, आणि मेलबर्नचे रहिवासी विषारी वाऱ्याची वाट पाहत आहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारायंत्राचे संदेश येतात, म्हणून पाणबुडी तिकडे जाते. कोणी जिवंत असेल ही आशा! तेथें आढळतें तें एवढेंच: खिडकीच्या पडद्याच्या दोरींत अडकलेली एक बाटली वाऱ्यानें हलून यंत्राच्या कळीवर आपटत आहे. शहरें उद्ध्वस्त होण्याचे सारे देखावे या एका दृश्यापुढें फिके आहेत.

२० नोव्हेंबर १९८३ रोजीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर ‘द डे आफ्टर’ सुमारें १० कोटि लोकांनीं पाहिला. अध्यक्ष रेगन यांनीं तो आधींच पाहून मन फार खिन्न झाल्याची नोंद आपल्या दैनंदिनींत केली. पुढच्याच वर्षीं बीबीसीनें दाखविलेला ‘थ्रेड्स’ त्याहूनही कठोर आहे. शेफील्ड शहरांतले थोडे लोक त्यांत वांचतात. परंतु मागाहून जन्मलेल्या मुलांची भाषाच तुटकी होते. वांचणें आणि मनुष्य म्हणून उरणें यांतील अंतर इतक्या निष्ठुरपणें दुसऱ्या कोणीं दाखविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढील काळांत नायकानें आपलें कुटुंब वांचविलें कीं प्रेक्षक समाधानानें घरीं जावा, अशा चित्रपटांचें पीक आलें. त्यांनीं दोन घटका करमणूक होते, एवढेंच. वरील चित्रपट मात्र याच क्रमानें पहावे. शेवटचा लहान मुलांना दाखवूं नये. आज नऊ राष्ट्रांपाशीं अण्वस्त्रें आहेत, आणि त्यांत आपलेंही एक आहे. तेव्हां हे चित्रपट परक्यांच्या भयाची कथा म्हणून पाहण्याची मुभा आपणांस उरलेली नाहीं.