बटण दाबणाऱ्याचे शेवटचे पर्व

महाड-पोलादपूरच्या गिरणी कामगारांचा इतिहास जमवताना मी एका कार्टून मालिकेपाशी अडकलो. हॅना-बार्बेराची ‘द जेट्सन्स’ १९६२ मध्ये आली, ती २०६२ चे अंतराळयुग दाखवत: खांबांवरची उंच घरे, उडत्या मोटारी, घरकामाला यंत्रमानव. १९८५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८७ मधल्या दहा भागांच्या तिसऱ्या पर्वाने संपली.

नायक जॉर्ज दातेरी चाकांच्या कारखान्यात नोकरीला. काम काय, तर बटण दाबणे. तरी बिचारा दमतो, कुरकुरतो! मालक स्पेसली चिडून त्याला वरचेवर काढून टाकतो आणि पुन्हा कामावर घेतो. १९६२ चा हा विनोद शेवटच्या पर्वापर्यंत टिकला. मधल्या काळात, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत आमच्या दऱ्याखोऱ्यांतलेही होते. हजारोंना पुन्हा कामावर कोणी घेतलेच नाही. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणाही कधी झाली नाही.

जॉर्जचा आवाज जॉर्ज ओहॅन्लन यांचा, स्पेसलीचा मेल ब्लँक यांचा. १९६२ पासून तेच. १९९० च्या चित्रपटाचे काम चालू असताना, १९८९ मध्ये, दोघेही गेले. राहिलेले संवाद जेफ बर्गमन यांनी पुरे केले. पुढे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि ही मालक-नोकराची जोडी आपल्या केबलवर भांडू लागली. तोवर गिरणगावातले कित्येक भोंगे बंद पडले होते.