जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंचा जीर्णोद्धार आणि इतिहासाचा पुरावा

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे कागदपत्रे, ताम्रपट, नाणी आणि शिलालेख ह्यांची गणना प्रथम होते. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला ह्या यादीत यंत्रांचाही समावेश करणे भाग आहे. परंतु यंत्र हे साधन एका बाबतीत निराळे पडते. ताम्रपट वाचण्यासाठी त्यात काही बदल करावा लागत नाही. यंत्राचे वाचन मात्र पुष्कळदा ते चालू केल्यावाचून पुरे होत नाही, आणि पन्नाससाठ वर्षे बंद असलेले यंत्र चालू करावयाचे तर त्यातील काही भाग काढून नवे घालावे लागतात. साक्षीदाराला बोलते करण्यासाठी त्याच्या साक्षीतच थोडी ढवळाढवळ करावी लागावी, असा हा पेच आहे. जुने व्हॉल्व्ह-रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद जगभर पसरला आहे. त्या छंदाच्या निमित्ताने हा पेच कसा उभा राहतो आणि त्यातून इतिहासाच्या पदरात काय पडते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. छंदाचा उगम

फ्लेमिंगने १९०४मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६मध्ये डी फॉरेस्टने ऑडिऑन पुढे आणला आणि लवकरच त्याला तिसरे अग्र जोडले. त्यामुळे क्षीण विद्युत्‌संकेत मोठे करणे शक्य झाले. आर्मस्ट्राँगने १९१२च्या सुमारास पुनर्भरणाचे, म्हणजे मोठा झालेला संकेत पुन्हा त्याच व्हॉल्व्हला पुरविण्याचे तत्त्व शोधले. १९१८मध्ये फ्रान्समध्ये सैन्यात असताना त्याने सुपरहेटरोडाइन मंडलाची कल्पना मांडली. ह्या मंडलात कोणत्याही केंद्राचा संकेत आधी एका ठराविक मध्यम कंपनसंख्येवर आणला जातो आणि मग मोठा केला जातो. व्हॉल्व्ह-रेडिओच्या उत्तरकाळात हीच रचना सर्वमान्य ठरली. १९५४मध्ये अमेरिकेत पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर-रेडिओ विक्रीस आला आणि पुढील दोन दशकांत व्हॉल्व्हचे संच माळ्यावर, अडगळीत आणि भंगारात जाऊ लागले.

जतनाची जाणीव मात्र ह्या अस्ताच्या थोडी आधीच जागी झाली होती. अमेरिकेतील अँटिक वायरलेस असोसिएशन ही संस्था १९५२मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली. ब्रिटिश व्हिंटेज वायरलेस सोसायटी १९७६मध्ये निघाली, जर्मनीत तशी संस्था १९७८मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९८२मध्ये. ह्या संस्थांचे सभासद बहुतांशी हौशी होते. विद्यापीठे आणि संग्रहालये ह्या वस्तूंकडे पुरेसे वळण्यापूर्वी मंडलांचे नकाशे, कारखान्यांची दुरुस्तीपत्रके आणि व्हॉल्व्हचे साठे जपण्याचे काम ह्या हौशी मंडळींनीच मोठ्या प्रमाणावर केले, हे नमूद केले पाहिजे.

२. काळाचा परिणाम आणि दुरुस्तीची रीत

रेडिओतील सर्व भाग सारख्याच वेगाने म्हातारे होत नाहीत. सामान्य समजूत अशी की व्हॉल्व्ह प्रथम निकामी होतात. प्रत्यक्षात पुष्कळ व्हॉल्व्ह टिकून असतात आणि दगा देतात ते मेणकागदाचे कंडेन्सर. त्यांतील कागद ओल धरतो, आणि ज्याने एकदिश दाब अडवावयाचा तोच तो झिरपू देतो. अखेरच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर असा गळू लागला म्हणजे ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्हमधून मर्यादेबाहेर प्रवाह वाहतो आणि व्हॉल्व्हबरोबर ध्वनिक्षेपकाचा ट्रान्स्फॉर्मरही जळतो. ट्रान्स्फॉर्मर जुन्या मापाचा मिळणे कठीण, म्हणून चार आण्यांच्या कंडेन्सरपायी संपूर्ण संच गमावण्याची वेळ येते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील ऑक्साइडचा पातळ थर दीर्घकाळ दाबाशिवाय राहिल्याने क्षीण होतो. कर्बाच्या रेझिस्टन्सांचे मूल्य वाढत जाते, आणि तारांवरील रबर कडक होऊन गळून पडते.

म्हणूनच जाणकार मनुष्य हाती आलेला संच लगेच विजेला जोडीत नाही. तो आधी संच उघडून पाहतो, संशयित कंडेन्सर बदलतो आणि मगच संचाशी एक साधा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज सोडतो. आत कोठे प्रवाह वाट चुकला असेल, तर दिवा प्रखर पेटतो आणि संच बचावतो. ही सावधगिरी माणसाच्या जिवासाठीही आवश्यक आहे. ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या संचांत विजेची एक तार पुष्कळदा थेट धातूच्या चौकटीला जोडलेली असते. मूठ निघालेल्या उघड्या दांड्याला हात लागला, तर तो प्रत्यक्ष विजेलाच लागतो.

३. संचात दडलेली कागदपत्रे

असा संच उघडला म्हणजे त्यात आर्थिक आणि राजकीय इतिहासाच्या कितीतरी खुणा दिसतात. ट्रान्स्फॉर्मर गाळण्याची रीत हेच पहिले उदाहरण. अमेरिकेत लाखोंनी खपलेल्या पाच व्हॉल्व्हच्या स्वस्त संचात व्हॉल्व्हचे तंतू एकामागोमाग एक जोडलेले असत. युद्धोत्तर काळातील नेहमीच्या संचात त्यांचे दाब १२, १२, १२, ५० आणि ३५ व्होल्ट, म्हणजे एकूण १२१ व्होल्ट होते. अमेरिकन घरातील विजेचा दाबही जवळजवळ तेवढाच. व्हॉल्व्हच्या नावातील पहिला आकडाच तंतूचा दाब सांगतो, त्यामुळे हे गणित वाचकाला संच न उघडताही पडताळून पाहता येते. लोखंड आणि तांबे ह्यांचा खर्च वाचविण्यासाठी व्हॉल्व्हच घरच्या विजेच्या मापाने बेतले गेले. युरोपातही एकदिश आणि उलटसुलट अशा दोन्ही विजेवर चालणारे संच ह्याच तत्त्वावर निघाले, कारण अनेक शहरांत दोन्ही प्रकारचा पुरवठा नांदत होता.

दुसरी खूण डायलच्या काचेवरची. युरोपीय संचांच्या काचेवर हिल्व्हर्सम, कालुंडबोर्ग, लक्झेंबुर्ग, ब्रेस्लाउ अशी केंद्रांची नावे छापलेली असत. १९४८मध्ये कोपनहेगन येथे केंद्रांच्या कंपनसंख्यांची नवी वाटणी ठरली आणि १५ मार्च १९५० रोजी ती अमलात आली. त्या दिवसापासून पुष्कळ जुन्या काचा चुकीच्या ठरल्या. त्यामुळे काचेवरील नावांच्या जागा पाहून संच ह्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे बरेचदा सांगता येते. पराभूत जर्मनीच्या वाट्याला ह्या योजनेत मध्यम लहरींवर फारच थोडे आले. म्हणून तेथे अतिलघू लहरींवरील एफ. एम. प्रक्षेपणाचा प्रसार झपाट्याने झाला, आणि १९५०नंतरच्या जर्मन संचांवर त्या पट्ट्याची वेगळी कळ दिसू लागली. तहाच्या वाटाघाटींचा परिणाम घरातील कपाटावरच्या पेटीवर असा उमटलेला सापडतो.

४. लोकसंचाची साक्ष

जीर्णोद्धारामुळे प्रचलित समजूत तपासता येते, ह्याचे ठळक उदाहरण जर्मनीचा फोल्क्सएम्फेंगर, अर्थात लोकसंच हे होय. ऑटो ग्रीसिंगने आखलेला हा संच १९३३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला गेला. किंमत ७६ मार्क. त्याच्या नावातील ३०१ हा आकडा ३० जानेवारी ह्या नाझी सत्ताग्रहणाच्या तारखेवरून घेतला होता. १९३८मध्ये त्याहून लहान संच ३५ मार्कांना निघाला. घरोघरी सरकारचा आवाज पोहोचविणे हा ह्या योजनेचा उघड हेतू होता.

ह्या संचावर परकी केंद्रे ऐकूच येऊ नयेत अशी त्याची रचना होती, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. दुरुस्त केलेला संच ह्या विधानाला दुजोरा देत नाही. त्यात लघुलहरींचा पट्टा नाही, हे खरे. परंतु पुनर्भरणाची मूठ काळजीपूर्वक फिरवली आणि लांब एरियल जोडली, तर अंधार पडल्यावर मध्यम लहरींवरील दूरची केंद्रे त्यावर ऐकू येतात. कागदोपत्री पुरावाही ह्याच दिशेने बोट दाखवितो. १ सप्टेंबर १९३९ रोजी परकी केंद्रे ऐकण्यास बंदी करणारा हुकूम निघाला, आणि तसे ऐकणे गुन्हा असल्याची ताकीद देणारी चिठ्ठी संचांच्या मुठीला अडकविण्यात आली. जे ऐकू येणेच अशक्य, त्याला शिक्षेचे भय घालावे लागत नाही. अटकाव यंत्राने केला नव्हता; तो भीतीने केला होता.

तथापि ह्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आजची हवा १९३९ची हवा नव्हे. त्या वेळची कितीतरी प्रबळ केंद्रे आता बंद आहेत, उलट एल. ई. डी. दिवे आणि विजेच्या नव्या उपकरणांचा गोंगाट तेव्हा नव्हता. दुरुस्त संच ग्रहणाची शक्यता दाखवितो. एखाद्या रात्री एखाद्या घरात प्रत्यक्ष काय ऐकू आले, हे तो सांगू शकत नाही.

ह्याच संचावर जीर्णोद्धाराचा नैतिक प्रश्नही उभा राहतो. त्याच्या बेकलाइटच्या पेटीवर गरुड आणि स्वस्तिक ही नाझी चिन्हे उठविलेली होती. पुष्कळ संचांवरील ही चिन्हे १९४५नंतर खरवडून काढलेली आढळतात. एखादा हौशी मनुष्य पेटी ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी ते चिन्ह पुन्हा बसवितो. अशा वेळी १९३३चे रूप परत येते, पण १९४५ची नोंद पुसली जाते. ती खरवडलेली जागा हा कोणा एका कुटुंबाने मागे ठेवलेला लेख आहे. त्याहून मोलाची दुसरी साक्ष त्या पेटीपाशी क्वचितच असेल.

५. भारतातील संच

भारतात ह्या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, १९३०मध्ये ती कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडे आला. १९३६मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले. पुणे केंद्र १९५३मध्ये निघाले. १९३३च्या कायद्याने संच बाळगण्यास परवाना सक्तीचा केला. पोस्टात वर्षावर्षाला नूतनीकरण होणारे परवान्याचे पुस्तक १९८०नंतरच्या दशकात इतिहासजमा झाले. संचाबरोबर असे पुस्तक मिळाले, तर त्याचा मालक, गाव आणि वापराची वर्षे ही एका जागी हाती लागतात. पेटी चकचकीत करण्याच्या नादात असे कागद फेकून देणे, हे मोठेच नुकसान होय.

नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्या धोरणामुळे १९५२नंतर सरकारी केंद्रांवरील चित्रपटसंगीत आटले आणि श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ती ह्याच पार्श्वभूमीवर. त्या काळच्या भारतीय संचांत लघुलहरींच्या पट्ट्यांना एवढे महत्त्व का होते, ह्याचा उलगडा तांत्रिक कारणांइतकाच ह्या घटनांतून होतो.

शिवाय येथील संच सहसा लवकर अडगळीत गेले नाहीत. पेठेतील मेकॅनिक त्यांना वर्षानुवर्षे चालते ठेवीत. मूळ व्हॉल्व्ह न मिळाल्यास बैठक बदलून दुसरा बसविणे, ट्रान्स्फॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणे, हे त्यांचे नित्याचे काम होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१पासून होऊ लागले. एखाद्या जुन्या विलायती संचात तो व्हॉल्व्ह आढळला, तर ती दुरुस्ती त्यानंतरची हे निश्चित होते. परकी चलनाच्या टंचाईच्या आणि आयातीवरील निर्बंधांच्या काळात एक कारागीरवर्ग कोणत्या युक्तीने निर्वाह करीत होता, ह्याचा लेखी पुरावा फारसा नाही. तो ह्या डागांच्या जोडांत आहे. मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेला संच ‘मूळ नकाशाबरहुकूम’ करणारा हौशी मनुष्य नेमका हाच पुरावा उपटून टाकतो.

६. पाठचिकित्सेचा धडा

ह्या पेचातून वाट काढण्यास महाराष्ट्रातील अभ्यासकांना दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९पासून १९६६पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम झाले. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत सिद्ध केलेली संहिता वर छापली जाते, आणि टाकलेले पाठ खाली टीपांत जपले जातात. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल, तर तो तपासण्याची सोय त्याच पानावर असते. संपादन म्हणजे निवड. परंतु निवडीचा हिशेब देणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते.

जुन्या रेडिओंच्या छंदात ह्याच्या नेमकी उलट एक रीत लोकप्रिय आहे. मेणकागदाच्या कंडेन्सरचे पोट पोखरून त्यात लहानसा नवा कंडेन्सर बसवितात आणि टोके पुन्हा मेणाने बुजवितात. संच सुरक्षितपणे चालतो आणि पाहणाऱ्याला तो अस्सल वाटतो. ह्या कामातील कौशल्य निर्विवाद आहे. पण नोंद न ठेवता केलेली अशी दुरुस्ती म्हणजे पोथीत मागाहून घुसविलेला प्रक्षेपच होय. उद्याचा अभ्यासक त्या कंडेन्सरला १९३८चा समजून त्यावरून निष्कर्ष काढील. ह्यावर उपाय साधा आहे. बदललेले भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत. कोणता भाग, कोणत्या तारखेस, कशासाठी बदलला, ह्याची चिठ्ठी आत चिकटवावी. आणि काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. चिठ्ठी ही त्या संचाची तळटीप होय.

ह्या शिस्तीची निकड आज वाढली आहे. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने ३१ डिसेंबर २०१५ रोजी मध्यम लहरींचे प्रक्षेपण थांबविले. आयर्लंडची दीर्घलहरींवरील सेवा १४ एप्रिल २०२३ रोजी बंद झाली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२४च्या अखेरीस एफ. एम.सुद्धा सोडले. दुरुस्त झालेल्या संचाला ऐकण्याजोगे काही उरणार नाही, असा काळ अनेक देशांत जवळ येत आहे. पुष्कळ हौशी लोक आता घरातल्या घरात अल्पशक्तीचे प्रक्षेपक लावून जुन्या संचांना जुने कार्यक्रम ऐकवितात. संच बोलतो, पण ऐकवितो तो मालकाचाच आवाज. ज्या दिवशी हवेतून येणारा अखेरचा संकेत थांबेल, त्या दिवशी संचाचे चालू असणे ही बाब इतिहासाच्या दृष्टीने गौण होईल. त्यानंतर अभ्यासकाला विचारता येतील असे प्रश्न पेटीच्या आत राहिलेल्या गोष्टींविषयीच असतील: एखादा जोड, एखादी खरवडलेली जागा, परवान्याचे एखादे पान, आणि दुरुस्ती करणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली चिठ्ठी.