वसईच्या किल्ल्यातील देऊळ आणि पाद्र्यांचे घर



सहलींचे दिवस आले म्हणजे डहाणू-तलासरीकडच्या शाळांत एक प्रश्न हटकून निघतो : मुलांना न्यायचं कुठं? आणि पुष्कळदा उत्तर येतं, वसईचा किल्ला. ते बरोबरच आहे. डहाणू रोडला गाडीत बसावं, सत्तर-बाहत्तर किलोमीटरवर वसई रोडला उतरावं. मुलं तट बघतात, बुरुज मोजतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी जयजयकार करतात. मग मधल्या मोठमोठ्या पडक्या इमारतींपुढे आली, की गुरुजी म्हणतात, "हे पोर्तुगीजांचं चर्च होतं. चला पुढं."

माझं सांगणं आहे, की तिथं अर्धा तास थांबावं.

आधी एक शब्द सांगतो. वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरणार आहे. तुमच्याकडं तलासरीला येशुसंघीयांची शाळा आहे, डहाणूला अमेरिकन ब्रदरन मिशननं काम केलं. पण ती विसाव्या शतकातली गोष्ट. वसईची देवळं त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीची.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याला हुमायूनचं भय पडलं होतं. त्या अडचणीत त्यानं 23 डिसेंबर 1534 रोजी तह करून वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढं दोनशे वर्षं वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. डहाणू, तारापूर, आशेरी ही ठाणी त्याच प्रांतातली. तेव्हा वसईचा इतिहास हा काही परका नव्हे. तुमच्या गावचा इतिहास तिथं दगडात उभा आहे.

किल्ल्यात शिरल्यावर सेंट जोसेफचं देऊळ गाठावं. हे शहराचं मुख्य देऊळ, म्हणून त्याला पोर्तुगीज भाषेत 'मात्रिझ' म्हणत. 1546 च्या सुमाराचं हे बांधकाम 1601 मध्ये वाढवण्यात आलं. दरवाज्यावरच्या शिलालेखात ते साल आहे आणि त्या वेळचे गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांचं नाव आहे. दर्शनी बाजूला उंच मनोरा. त्यात एक अरुंद, गोल फिरत जाणारा जिना आहे. मोठ्या माणसाला अंग चोरूनच चढावं लागतं. मनोऱ्याच्या तळाशी बाप्तिस्म्याची खोली. आत शिरलं की लांबच लांब दालन, दोन्ही अंगांना खिडक्या, आणि वर आकाश! पण सरळ पुढं, वेदी जिथं होती तिथं बघा. तिथल्या जागेवर कमानीचं छत अजून शाबूत आहे.

आता मुलांना विचारावं : एकाच इमारतीत इथलं छप्पर गेलं कसं आणि तिथलं राहिलं कसं? हुशार पोर लगेच सांगेल. वेदीवरचं छत दगडी कमानीचं. लोक बसत त्या दालनावर लाकडी तुळया, वासे आणि कौलं. दगड टिकला. लाकूड कुजलं, जळलं, लोकांनी काढून नेलं. 1618 च्या मे महिन्यात वसईवर एक भयंकर वादळ आलं होतं, त्यात देवळा-मठांचं फार नुकसान झालं. कोकणात छप्पर ही बाब दर पावसाळ्याआधी बघावी लागते, हे तुम्हांला मी काय सांगावं! बघणारा माणूस गेला की चार-सहा पावसांत घर उघडं पडतं.

लाकडावरून आठवलं. आशेरीच्या डोंगराभोवतीचं साग पोर्तुगीजांना फार मोलाचं वाटे. जहाजं बांधायला ते लाकूड लागे, म्हणूनच तो अवघड गड त्यांनी इतका जपला. तुमच्या रानांची किंमत अशी फार जुनी आहे. आणि वसईचा दगड? तो तर गोव्यापर्यंत पोहोचला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचं बांधकाम 1594 ते 1605 या काळात झालं. त्याच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून जलमार्गानं नेलेला आहे. नमुना पोर्तुगालचा, पण दगड, चुना, लाकूड आणि घाम इथला. शिलालेखावर आर्चबिशपांचं नाव आहे. पाथरवटाचं नाही, की सुताराचंही नाही.

देवळाइतकंच पाद्र्यांचं घरही बघण्याजोगं आहे, आणि त्याकडं तर कोणी ढुंकून पाहत नाही. फ्रान्सिस्कन मठ किंवा येशुसंघीयांचं देऊळ घ्या. देवळाच्या भिंतीला लागूनच चौक. चौकाच्या भोवती कमानींची पडवी. वर मजला, तिथं राहण्याच्या खोल्या. पडवीतून घरभर फिरावं, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. मधला चौक उजेड देतो, वारा देतो. आपल्याकडचा चौसोपी वाडा आठवतो की नाही? दोघांनी एकमेकांचं उचललं असं नव्हे. उन्हापावसाला दोन्हीकडं एकच उत्तर सुचलं. येशुसंघीयांच्या घराला लागून पाठशाळा होती. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच मुलगा, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. पुढं तो फ्रान्सिस्कन झाला, जपानात गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं. 1862 मध्ये रोमनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच्या सणाला त्या जुन्या देवळात आजही वसईकर जमतात.

इथवर सगळं गोड झालं. पण शिक्षकानं अर्धं सांगू नये.

वसईचा फ्रान्सिस्कन मठ ज्यांनी उभारला, त्याच अंतोनिओ दो पोर्तो यांनी बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात, म्हणजे शंकराच्या देवस्थानात, चर्च केलं. गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायालय बसलं, त्याची जरब वसईपर्यंत होती. देवळं पाडली गेली, हिंदूंच्या उघड सणांवर बंदी आली, माणसं मुलूख सोडून गेली. हेही त्याच भिंतींनी पाहिलं आहे. मराठ्यांनी ही मोहीम इतक्या जिद्दीनं का चालवली, हे या गोष्टी सांगितल्याशिवाय मुलांना कळायचं नाही.

जानेवारी 1739 मध्ये डहाणू घेतलं, तारापूर घेतलं. तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. मग मे महिन्यात, सुरुंगांनी सेंट सेबास्तियनचा बुरुज उडाल्यावर, वसईनं हात टेकले. चिमाजी अप्पांनी शरण आलेल्यांना मानानं बाहेर जाऊ दिलं आणि मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. जिंकणाऱ्याचा हा मोठेपणा लढाईच्या गोष्टीइतकाच सांगण्यासारखा आहे.

आणि घंटा? मनोरे रिकामे झाले, घंटा हत्तीवर, गाड्यावर घाटापलीकडं गेल्या म्हणतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा घ्या, तिच्यावर 1721 साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर 1707 ची घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. कोणी अडाण्यानं मेरीची आकृती घासून काढली नाही, इतक्या वर्षांत काढली नाही, हे मला विशेष वाटतं. घंटा ओतली कोणत्या देवासाठी, वाजली कोणत्या देवापुढं!

वसईचे युरोपीय पाद्री गेले, शहर ओसाड झालं. पण भोवतालची गावं, पापडी, सांडोर, निर्मळ, ख्रिस्ती राहिली, मराठी बोलत राहिली. किल्ल्यातली देवळं पडली ती मुख्यतः मालक नसल्यामुळं. 1876 मध्ये डॉ. गेर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईच्या पुराण्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही ती अशीच पडकी होती. आता पुरातत्त्व खात्याकडं किल्ला आहे, सेंट जोसेफच्या मनोऱ्याची डागडुजी झाली आहे. तरी भिंतीच्या गिलाव्यावर खिळ्यानं नावं कोरणारे हात थांबलेले नाहीत. त्यात सहलीला आलेल्या मुलांचीही नावं असतात, हे कबूल केलं पाहिजे.

म्हणून जाताना एक सुतळीचा गुंडा बरोबर घ्या. मुलांना भिंतीची जाडी मोजू द्या. मठाच्या दुमजली भिंतींत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, एका ओळीत चौकोनी खाचा दिसतील. त्या सागाच्या तुळया बसवायच्या खाचा. एका भिंतीत किती आहेत ते मोजायला सांगा, आणि एवढं लाकूड कुठून आलं असेल ते विचारा.