प्रभूंच्या डोक्यावरचा फणा



पार्श्वनाथ प्रभूंच्या मूर्तीवरचा नागफणा आपण लहानपणापासून बघतो. पण त्याचा अर्थ सगळ्या काळात एकच नव्हता.

मथुरेला सापडलेल्या कुषाणकाळातल्या, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या मूर्तींवर लांछनं नाहीत. ती पद्धत नंतर आली. तेव्हा खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून ऋषभदेव ओळखायचे आणि सात फण्यांवरून पार्श्वनाथ. म्हणजे फणा ही आधी ओळखीची खूण होती.

वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात, इंद्रसभेत, नवव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी त्याची कथाच कोरली. कमठ उपसर्ग करतो आहे, धरणेंद्राने फणे धरले आहेत, पद्मावती छत्र घेऊन बाजूला उभी आहे. तापसाच्या जळत्या लाकडातल्या ज्या नाग-नागिणीला कुमार पार्श्वांनी अंतकाळी णमोकार ऐकवला, तीच ही दोघं. इथे फणा म्हणजे कृतज्ञता. प्रभूंना रक्षणाची गरज नव्हतीच. त्यांचा कमठावर राग नाही आणि धरणेंद्रावर लोभही नाही.

पुढे पद्मावतीमातेची स्वतंत्र पूजा वाढली. कर्नाटकातलं हुमचा तर तिच्याच नावाने ओळखलं जातं. आता फणा तिच्या मस्तकावर आला. बाजूला छत्र धरणारी मध्यभागी बसली. आपण तिची ओटी भरतो, लेकराबाळांसाठी, संसारासाठी मागणं मागतो. नागाची खूण अशी देणाऱ्या आईची झाली. त्यात काही कमीपणा नाही. पण नीट बघा, तिच्या डोक्यावर छोटे पार्श्वनाथ असतात. मागणं आईपाशी करावं, जायचं मात्र वीतरागाकडे, हे मूर्तीच सांगते.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. पावसाळ्यात वडनेर भोलजीच्या आसपास कपाशी-सोयाबीनच्या शेतांतून साप घराकडे येतात आणि पहिला हात काठीकडे जातो. मंदिरात फण्याला नमस्कार आणि दारात सापाला काठी, हे जुळत नाही. लेकरांना आत घ्या, सापावर लांबूनच नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. नागपंचमीला दूधही पाजू नका, साप दूध पिणारा जीव नाही. त्याला जिवंत जाऊ देणं हीच पार्श्वप्रभूंची पूजा.